एकतीस नंबरचं घर

आमच्या वाडीत पाणंद जिथे वळते तिथे एक खांब आहे आणि त्या खांबावरच्या दिव्याला टोपी आहे. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा कापून, आतून-बाहेरून काळा रंग फासून केलेली. त्यामुळे दिव्याचा उजेड फक्त खाली, वाटेवर पडतो. नव्या माणसाला वाटतं, पावसापासून बचाव म्हणून केलं असेल. गेल्या महिन्यात पंचायतीचा वायरमन नवा दिवा बसवायला आला. शिडीवर चढून तो ती टोपी उपटायला लागला, तेव्हा खाली शेवंती गवत कापत होती. ती कोयती हातात तशीच घेऊन शिडीखाली येऊन उभी राहिली. वायरमनने खाली पाहिलं, दिवा बदलला आणि टोपी होती तशी परत बसवून मुकाट्याने उतरला.

"मास्तरांची टोपी ती," शेवंती मला म्हणाली, जणू मला माहीत नव्हतं.

मास्तर म्हणजे इनास मास्तर. आमच्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. मी नोकरीला लागले तेव्हा ते निवृत्तीला आठ-नऊ वर्षं बाकी असलेले, उंच, किंचित पोक आलेले, खिशात नेहमी कापसाचा बोळा बाळगणारे गृहस्थ होते. गेल्या पावसात ते गेले. वाडीतलं कोणी गेलं की चार दिवस हळहळतात आणि मग काजूच्या मोहोराबद्दल बोलायला लागतात. मास्तरांच्या बाबतीत तसं झालं नाही, निदान माझं तरी नाही. संध्याकाळी त्या दिव्याखालून जाताना अजून माझी मान वर होते, आणि वर पाहिलं की मास्तर आठवतात.

मास्तरांना एका शेजारणीचा नाद होता. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये मुद्दाम म्हणायची आणि नवीन शिक्षक दचकायचे. शेजारीण म्हणजे देवयानी. आकाशातली आपल्या सर्वांत जवळची मोठी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच चक्राकार, आणि तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. मास्तर मात्र तिच्याबद्दल पाणंदीपलीकडच्या घराबद्दल बोलावं तसं बोलायचे. फार पूर्वी कुणा फ्रेंच माणसाने आकाशातल्या धूसर डागांची यादी केली होती. धूमकेतू शोधताना या डागांनी फसगत होऊ नये म्हणून. त्या यादीत देवयानी दीर्घिकेचा नंबर एकतीस. मास्तरांच्या लेखी हा पंचायतीने दारावर रंगवलेला घरनंबर होता.

"एकतीस नंबर थोरलं घर," ते सांगायचे. "बत्तीस नंबर त्याच्या पडवीला लागून, लहान बिऱ्हाड. तेहतीस नंबर थोडं लांब, त्रिकोण तारकासमूहात, त्यांचं आपलं वेगळं. आणि एकशे दहा नंबरही एकतीसच्याच अंगणात आहे, पण त्याची नोंद उशिरा झाली म्हणून नंबर लांबचा. आपल्या वाडीत नाही का, मागीलदारी बांधलेल्या खोलीला?"

मग आपला नंबर कितवा, असं पोरांपैकी कुणीतरी विचारायचंच. त्याची वाट बघत असल्यासारखे मास्तर शाळेची मराठी सोडून घरच्या बोलीवर यायचे. "आमच्या घराक नंबरच नाय. यादी करणारो आमच्याच पडवीत बसान यादी करी होतो."

ही दोन मोठी घरं एकमेकांकडे सरकताहेत आणि चार-पाचशे कोटी वर्षांनी एकमेकांत मिसळणार, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पुढे कधीतरी मी त्यांना पेपरातली बातमी दाखवली की आता शास्त्रज्ञांना तेवढी खात्री वाटत नाही, कदाचित ती टक्कर होणारही नाही. मास्तरांनी चष्मा वर करून बातमी वाचली आणि पेपर घडी घालून परत दिला. येतो म्हणून न येणारे पाहुणे आपल्याला काय नवीन आहेत, एवढंच म्हणाले.

वर्गात त्यांचा एकच मंत्र होता. रेघ मारू नको, पूस. कड असलेली वस्तू कुणीही काढतं, म्हणायचे, घर काढतं, होडी काढतं, केळं काढतं. धुकं काढून दाखव. चुलीचा धूर काढ. पेजेची वाफ काढ. कोळशाने आख्खा कागद काळा करायचा, कापसाने तो सारखा करायचा आणि मग पावाच्या आतला मऊ गाभा चिमटीत मळून त्याने काळोख उचलायचा. पोरं निम्मा पाव चित्राला लावायची आणि निम्मा तोंडात टाकायची. मास्तर मार्क द्यायचे ते लाल पेन्सिलीने, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, दहापैकी. नऊच्या वर त्यांनी कधी कुणाला दिल्याचं मला माहीत नाही. एकदा एका पालकाने तक्रार केली तेव्हा ते शांतपणे म्हणाले की दहा मार्क देवासाठी राखून ठेवलेत, आणि त्यालासुद्धा अजून दिलेले नाहीत, कारण चिंगळांचे, म्हणजे बारक्या कोळंबीचे, पाय काढताना त्याने घाई केली आहे.

त्यांचं स्वतःचं चित्र वर्षातून एकच असायचं. भात कापून झालं, खळं सारवून झालं की पहिल्या निरभ्र, बिनचंद्राच्या संध्याकाळी ते खळ्याच्या कडेला टाकलेल्या जांभ्या दगडाच्या एका चिऱ्यावर बसायचे. चर्चची तिन्हीसांजेची घंटा होऊन तासाभराने, जेवणाच्या आधी. उत्तरेला एक वाकडा माड होता. त्याच्या शेंड्याच्या वर देवयानी यायची, नुसत्या डोळ्यांना पुसट डागाएवढी. तो डाग दिसेल तसा कागदावर उचलायचा. दरवर्षी त्याच चिऱ्यावरून, त्याच मापाच्या कागदावर. घरनंबर एकतीस म्हणून चित्रंही एकतीस करायची, असं त्यांनी तरुणपणी कधीतरी ठरवलं होतं. का ठरवलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "तुम्ही सोळा सोमवार करता तेव्हा मी विचारतो का?"

शेवंती ही त्यांची जमिनीवरची शेजारीण. नवरा रेडीला बंदरावर कामाला, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. ही काजूच्या कारखान्यात. दोन्ही घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा. एका पावसात तो कोसळला आणि मास्तरांनी परत रचला. रचताना हातभर आमच्यात सरकवला, असं शेवंतीचं म्हणणं. गडगा होता तिथेच आहे, तुझ्या फणसाची मुळं फुगली आहेत, असं मास्तरांचं म्हणणं. यावर वीस वर्षं भांडण चाललं होतं, पण भांडणालाही रीत होती. सणासुदीला ताटं गडग्यावरूनच जायची. नाताळात इकडून करंजीसारख्या नेवऱ्या, चतुर्थीला तिकडून मोदक. ताट देता-घेता दोघंही गडग्याकडे एकदा रोखून बघायचे, मग आपापल्या घरात जायचे.

या शेवंतीची किंमत मास्तरांना कळली ती झाकणाच्या प्रकरणात. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने एक जुनी, जड दुर्बीण आणून दिली होती. मास्तरांना वाटलं, आता वाडीला शेजारीण दाखवावी. सगळ्यांना खळ्यावर बोलावलं, चहा केला, एकेकाला चिऱ्यावर बसवून माडाचा शेंडा दाखवला. सगळ्यांना देवयानी दिसली. छान दिसली. कुणी नाही म्हटलं नाही, कारण चहा घेऊन झाला होता आणि यजमान शेजारी उभा होता. पोस्टमनला तर तिच्याभोवती एक कडंसुद्धा दिसलं. मास्तर कड्यापाशी थबकले. कडं शनीला असतं.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी परत बोलावलं. पुन्हा रांग लागली. सरपंचांना कालच्यापेक्षा जास्त स्वच्छ दिसली. मी पण पाहिलं, आणि खरं सांगते, मला काळोखाशिवाय काही दिसलं नाही, पण मी मराठीची शिक्षिका, मी म्हटलं, "काय सुंदर आहे हो सर." शेवटी शेवंती आली. ती मुळात गडग्याबद्दल काहीतरी सुनावायला आली होती. तिने दुर्बीण डोळ्याला लावली, इकडे तिकडे फिरवली आणि खाली ठेवली.

"माका कायच दिसूक नाय," ती म्हणाली. "काळोख आसा नुसतो."

मास्तरांनी दुर्बीण घेतली आणि पुढच्या भिंगांवरची दोन काळी झाकणं सगळ्यांसमोर काढली. ती त्यांनी मुद्दाम ठेवली होती. आम्ही सगळे माडाकडे बघायला लागलो, कारण दुसरं कुठे बघायची सोय नव्हती. मास्तर शेवंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिका दिसला नाय. म्हणजे हिका बघूक येता." त्यानंतर आठवडाभर मी स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरची खुर्ची टाळत होते.

मग दिव्याचं आलं. पाणंदीच्या वळणावर खांब मंजूर झाला. तो खांब चिऱ्यापासून तीस पावलांवर आणि उजेड थेट मास्तरांच्या डोळ्यात येणार. तोवर त्यांची सव्वीस चित्रं झाली होती, पाच बाकी. ग्रामसभेत मास्तर उठले आणि अर्धा तास बोलले. एकतीस नंबर, बत्तीस नंबर, पंचवीस लाख वर्षांचा जुना उजेड, तो आपल्या खळ्यावर फुकट येतो आणि आपण त्याच्या तोंडावर दिवा मारणार. सरपंच शेवटी वैतागून म्हणाले, मास्तर, या शेजाऱ्यांचा काही लेखी अर्ज आला आहे का?

यावर मास्तरांनी काय केलं असेल? त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवळात कुठल्याही कार्याआधी गावाच्या वतीने एकजण देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. ख्रिस्ती असले तरी मास्तरांनी ते जन्मभर ऐकलेलं. हात जोडून, डोळे मिटून, खर्जातल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या गावची पोरांबाळां जमा होवन तुका सांगणा करतत. तुया आभाळात जी चांदण्यांची वाडी वसयलंस, ती आमका दिसत ऱ्हवांदे रे म्हाराजा."

अख्खी सभा म्हणाली, "व्हय म्हाराजा."

त्यात कुणाचा दोष नव्हता. तो सूर कानावर पडला की आमची तोंडं आपोआप उघडतात. मास्तरांनी आणखी तीन वाक्यं घातली, दिव्याचा खांब दुसरीकडे जाऊ दे हेही त्यातच, आणि सभेने तिन्ही वेळा व्हय म्हटलं. सरपंचांनीसुद्धा. ग्रामसेवक घाटावरचा, नुकताच बदलून आलेला. त्याला वाटलं, इथे ठराव असाच पास करतात. त्याने इतिवृत्तात लिहून टाकलं की दिव्याची जागा बदलण्यास सर्वानुमते मान्यता. ते निस्तरेपर्यंत वर्ष गेलं. सभेत व्हय न म्हणणारी एकच बाई होती. ती कोण, हे सांगायला नको.

त्या वर्षभरात मास्तर खुशीत होते. सत्ताविसावं चित्र झालं. आणि एका संध्याकाळी शेवंती कारखान्यातून येताना त्या वळणावर तिच्या पायापाशी विषारी फुरसं निघालं. अर्ध्या वितीवर. चावलं नाही. ती तशीच घामेजलेली मास्तरांच्या खळ्यावर गेली. मी त्यांच्याकडे सातवीचे पेपर द्यायला गेले होते म्हणून मला हे माहीत. ती भांडायला आली नव्हती. चिऱ्यावर बसली, पाणी मागून प्यायली आणि मग म्हणाली, "मास्तरांनू, तुमची शेजारीण पंचवीस लाख वर्षां लांब. माज्या पायाक फुरसा आज लागला असता."

तिने रिकामा गडू उपडा ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी दिव्यासाठीचा अर्ज पंचायतीत गेला तो मास्तरांच्या अक्षरात, खाली शेवंतीचा अंगठा नव्हे तर तिची सही, कारण सही करेपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. खांब उभा राहिला त्याच दिवशी ते तेलाचा डबा, कात्री आणि काळा रंग घेऊन खाली हजर. वायरमनला दोन कप चहा पाजून त्यांनी ती टोपी बसवून घेतली. मग संध्याकाळी स्वतः वळणावर वाकून वाकून बघितलं, जमिनीवरची मुंगी दिसते का. मुंगी दिसली. मग चिऱ्यावर जाऊन बसले, दिवा डोळ्यात येतो का. येत नव्हता. दोन्ही शेजारणींची सोय झाली म्हणून ते रात्रभर शीळ घालत होते, असं शेवंतीच सांगायची. तिला झोप लागली नव्हती म्हणे.

पण चित्रं मात्र बिघडत गेली. मी त्यांच्याकडे गठ्ठा पाहिला आहे. पहिल्या वर्षांतला डाग तांदळाच्या लांब दाण्यासारखा, मध्ये उजळ, कडेला विरत गेलेला. पुढे तो आखूड होत गेला. अठ्ठाविसाव्यात नुसता ठिपका. एकोणतिसाव्यात शोधावा लागे. तिसाव्यात मास्तरांनी जवळजवळ आठवणीनेच काढला होता, ते त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि स्वतःला चार मार्क दिले. दोष कुणाचा? आधी टोपीचा. ती त्यांनी तीनदा काढून तपासली. मग किनाऱ्यावरच्या होमस्टेचा. त्यांच्या झगमगत्या माळांबद्दल त्यांनी मालकाला पत्र लिहिलं, मालकाने माफी मागून माळा काढल्या आणि मास्तरांना जेवायला बोलावलं. ते जेवून आले, तरी डाग दिसेना. मग समुद्रात दिवे लावून मासे पकडणाऱ्या होड्या. मग मालवण शहर. मग एकूण जग. कितीतरी निरपराध माणसांना मास्तरांनी त्या काळात पत्रं पाठवली.

म्हापशाहून त्यांची मुलगी यायची, ती दरवेळी म्हणायची, पप्पा, डोळे दाखवून या. मास्तर म्हणायचे, डोळे बरे आहेत, काळोख बिघडला आहे.

मागच्या वर्षी एकतिसावं चित्र. भात कापलं, खळं झालं, आभाळ धुतल्यासारखं. मास्तर लागोपाठ तीन संध्याकाळी चिऱ्यावर बसले आणि कोरा काळा कागद घेऊन उठले. तिसऱ्या दिवशी मी पण तिथे होते. मला डाग दिसत होता का? त्या झाकणानंतर मी एवढी घाबरलेली की दिसलं तरी बोलायची नाही. मास्तर थकल्यासारखे म्हणाले, "गेली गो बाये. शेजारीण घर सोडून गेली. तीस वर्षं बघितली, एका वर्षासाठी राहिली नाही." ते हे हसून म्हणाले, पण त्यांचा हात कागदावर नुसताच फिरत होता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात गडग्यापलीकडून शेवंती आली, तिचं कोंबडं इकडे आलं होतं म्हणून. मास्तर वर बघत बसलेत हे पाहून तिनेही वर पाहिलं. "आज बरी दिसता," ती म्हणाली. "पेज सांडल्यासारकी."

मास्तरांची मान हळूच तिच्याकडे वळली. "काय दिसता?"

"ता काय. माडाच्या वर, तिरपी."

मला वाटतं त्या क्षणी मास्तरांना सगळं कळलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं. मी सांगितलं असतं तर नक्कीच. पण ही बाई नसलेलं दिसलं म्हणणारी नव्हती. झाकणं लावलेल्या दुर्बिणीतून फक्त हिलाच काळोख दिसला होता. तेव्हा आता हिला उजेड दिसत असेल तर उजेड आहे, माड आहे, शेजारीण आहे, आणि नाही ते फक्त मास्तरांच्या डोळ्यात. टोपी, होमस्टे, होड्या आणि मालवण शहर सगळे एका दमात निर्दोष सुटले.

मग मास्तरांनी कागद मांडीवर नीट केला, पाव मोडून त्याचा गाभा मळला आणि म्हणाले, "शेवंते, कोंबडो मगे शोध. हंय बस. सांग माका."

आणि ती सांगू लागली. मी आजवर पाहिलेल्या चित्रकलेच्या तासांतला तो सर्वांत चांगला. ती सांगायची, इथून तिथवर, माडाच्या झावळीएवढी तिरपी, आणि मास्तर पुसायचे. इतकी गोरी नको, ती म्हणायची, दुधासारकी नाय, पेजेसारकी. मास्तर कापूस फिरवायचे. मधी जरा दाट. मास्तर गाभा दाबायचे. कड खंय संपता, ते विचारायचे. ती म्हणायची, ता माका सांगूक येणा नाय, संपता असा दिसणाच नाय. मास्तरांचा चेहरा त्यावर खुलला. वर्षानुवर्षं पोरांना सांगून जे कळलं नव्हतं ते या बाईला आपोआप कळत होतं.

मग त्यांनी तिला दुर्बीण दिली, झाकणं स्वतःच्या हाताने काढून. ती बराच वेळ बघत होती. "शेजाराक एक चांदणी आसा," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, चांदण्या पुष्कळ असतात, सोड. "नाय ओ. ही चांदणी नाय. मळकट आसा. पेजेचो थेंब पडल्यासारको."

मास्तरांच्या हातातला पाव तसाच राहिला. तो बत्तीस नंबर होता. पडवीला लागून असलेलं लहान बिऱ्हाड, ज्याच्याबद्दल ते जन्मभर वर्गात बोलले आणि जे त्यांनी स्वतः कधीच चित्रात काढलं नव्हतं, कारण त्यांना ते कधी खात्रीने दिसलंच नव्हतं. दुर्बीण हातात आली तोवर डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा चढायला सुरुवात झाली होती, हे आता कळत होतं.

"खात्रीन सांगतस?" त्यांनी विचारलं.

"नसतो दिसलो तर नाय म्हणान सांगलं असतंय," शेवंती म्हणाली. "म्हायत नाय तुमका?"

त्यांनी चिमटीने एवढासा थेंब उचलला, तिने सांगितलेल्या जागी. पण चित्राला मार्क दिले नाहीत. तपासल्याशिवाय मार्क कसे द्यायचे, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाला फोन करून मुलीला सांगितलं की डोळे दाखवायचे आहेत. मुलीला आनंदाने रडू आलं. ती समजली, पप्पा अखेर शहाणे झाले. पप्पांना पेपर तपासायचा होता.

मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. मास्तर काळा चष्मा घालून परत आले आणि वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, तिखट धुरात बसायचं नाही, ही यादी शेवंतीच त्यांना रोज गडग्यावरून वाचून दाखवायची. चतुर्थीपासून दाबून ठेवलेलं गडग्याचं भांडण ते मग तिच्यावर काढायचे. नाताळच्या नेवऱ्या त्या वर्षी मुलीने केल्या आणि ताट नेहमीसारखं गडग्यावरून गेलं.

तिळगुळाच्या सुमाराला मी त्यांना भेटायला गेले ती संध्याकाळ मला चांगली आठवते, कारण त्यानंतर मी पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि परत आले तोवर पाऊस सुरू झाला होता आणि मास्तर नव्हते. त्या संध्याकाळी त्यांना पहिल्यांदा अंगणात बसायची परवानगी मिळाली होती. देवयानी माडाच्या शेंड्यावरून पश्चिमेला सरकली होती. मास्तर चिऱ्यावर बसले, मांडीवर एकतिसावं चित्र, हातात दुर्बीण. काळा चष्मा काढून खिशात ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे.

मग ते गडग्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "शेवंते, थेंब आसा गो."

आतून भांड्यांचा आवाज आला आणि शेवंतीचा. "माका काय सांगतास? मीच तुमका सांगलंय."

मास्तर हसले ते अंगभर हसले. डोळ्यांना पाणी येऊ देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते काही पाळलं गेलं नाही. मग त्यांनी चित्र दिव्याच्या उजेडात नेलं, टोपीखाली धरलं, वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर. लाल पेन्सिल काढून उजव्या कोपऱ्यात लिहिलं, साडेनऊ. मी ओरडणारच होते, कारण इतके मार्क आमच्या शाळेच्या इतिहासात कुणाला नव्हते. परत खळ्यावर येऊन त्यांनी ते चित्र गडग्यावरून पलीकडे दिलं. चित्र तुझं आहे, म्हणाले, मी नुसता कोळसा लावला.

शेवंती हात पुसत बाहेर आली होती. तिने चित्र पाहिलं, मग कोपरा पाहिला. "अर्धो मार्क खंय गेलो?"

"गडग्यात," मास्तर म्हणाले. "हातभर तुज्या बाजूक आसा म्हणतंस तो. आमच्यात सरकव आणि अर्धो घेवन जा."

तिने क्षणभर विचार केल्यासारखं केलं. "मगे ऱ्हवांदे," म्हणाली. "साडेनऊ बरे." आणि चित्र पदराआड धरून आत गेली. ते अजून तिच्या ओटीवर लावलेलं आहे, अर्ध्यासकट.

मास्तरांना आता घरात जायचं होतं. एवढा वेळ दिव्याखाली राहिल्यावर त्यांना अंगणातल्या काळोखात वाट दिसेना, आणि काळा चष्मा त्यांनी सवयीने परत चढवला होता. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी आपला हात गडग्यावर ठेवला आणि एकेक चिरा चाचपत, ज्याच्यासाठी वीस वर्षं भांडले त्या गडग्याला धरून धरून, ते हळूहळू आपल्या दारापर्यंत गेले.